डिग्री

पहाटे पाचला गंगावेशीतून निघते.
हँडलला कापडी पिशवी, पिशवीत नॅपकिन,
नॅपकिनात गुंडाळलेली काचेची कांडी.
दूध संस्थेची आहे. फुटली तर पगारातून.
शिवाजी पूल ओलांडला की वडणग्याच्या फाट्यापर्यंत
रस्ता माझ्या ओळखीचा,
म्हणजे उन्हाळ्यातला.
आता श्रावण लागलाय
आणि रोज रात्री कुणीतरी तो बदलून ठेवतं.

कोरडा खड्डा परवडतो.
त्याला कड असते, पोटात सावली असते,
लांबूनच सांगतो, बाई, डावीकडनं काढ.
भरलेला बोलत नाही.
तो रस्त्याएवढाच सपाट,
रस्त्यापेक्षा गुळगुळीत खरं तर,
आणि त्यात विजेचा खांब, खांबावरचा दिवा,
खाली डोकं करून माझंच पुढचं चाक
माझ्याकडे येणारं.

पाण्यात पुढचा ब्रेक दाबायचा नाही, हे माहीत होतं.
ओल्या रिमवर रबर नुसतं सुळसुळतं, हेही.
पुढं टेम्पो असला तर त्याचं चाक किती बुडतं ते बघायचं,
पण त्या मंगळवारी टेम्पो नव्हता.
मागून एसटी आली, हॉर्न देत,
मी कडेला घेतली,
पाणी दिसलं.
पाणीच दिसलं.

मग आभाळ. मग कोपर.
मग दातांखाली वाळू.

एसटी गेली तेव्हा तिची लाट येऊन
माझ्या मांडीला लागली आणि परत गेली.
सायकल आडवी, मागचं चाक अजून फिरत होतं,
घाईत असल्यासारखं.
नॅपकिन तरंगत होता.
आणि कांडी?
कांडी उभी होती.
खड्ड्याच्या मधोमध, मान वर काढून,
डुलली, डुलली, थांबली.
चांगली वीतभर आहे ती.
तळाला टेकली नव्हती.

अकरा वर्षांची सवय.
गुडघ्यावर बसून मोबाईलचा उजेड पाडला
आणि डिग्री वाचली.
सव्वीस.

आदल्याच दिवशी दौलू मगदुमाचं सव्वीस भरलं होतं
आणि चार माणसांत मी म्हणाले होते,
मामा, म्हस पंचगंगेत उभी करून धार काढली काय?
सगळे हसले होते.
आता मी एकटीच हसले.
कोपर हलत नव्हतं.

सायकल ढकलत पोचले तर रांग दारापर्यंत.
किटल्यांवर किटल्या आपटत होत्या.
माझा चिखल बघून रांग गप्प झाली.
दौलूमामानं विचारलं, कुठं?
म्हटलं, वीटभट्टीच्या अलीकडं, बाभळीपाशी.
व्हय, म्हणाला तो,
वस्तीवरनं येताना काल माझी किटली तिथंच आडवी झालती.
निम्मं दूध गेलं.
तेवढंच पाणी आलं.
म्या न्हाई घातलं, मॅडम.

खोटंही असेल.
त्याच्या पायजम्याला गुडघ्यावर नवा टाका होता.
मी कांडी धुतली, दोनदा,
त्याच्या दुधात सोडली.
तीस. वहीत तीस लिहिलं.
कालच्या ओळीवर बोट थोडा वेळ थांबलं,
पण शाईनं लिहिलेलं होतं.

दिवाळीच्या आधी खडी आली, डांबर आलं,
रोलर दोन दिवस बाभळीखाली झोपला
आणि तिसऱ्या दिवशी खड्डा नव्हता.
नीट बघितलं तरी कळू नये असा नव्हता.

काल पहाटे पुढं एक सायकल चालली होती,
मागं किटली बांधलेली, पाठ ओळखीची.
कोरडा, काळा, सरळ रस्ता.
बाभळीपाशी त्यानं हँडल उजवीकडं काढलं,
हातभर,
आणि परत डावीकडं घेतलं.
मागं वळून बघितलं नाही त्यानं.

मीही उजवीकडनंच काढली.